कळ ओसरताना काय ऐकू येतं: लेबर रूममध्ये नव्याने आलेल्यांसाठी

लेबर रूमला पहिली ड्युटी लागली की नवी सिस्टर काय, इंटर्न काय, आधी सीटीजीचं, म्हणजे बाळाचे ठोके आणि आईच्या कळा एकत्र कागदावर उमटवणारं मशीन शोधतात. पडद्यावर आकडा दिसला की जीव भांड्यात पडतो. मीही पहिली दोन वर्षं तशीच होते. मग बदली झाली ती अशा ठिकाणी, जिथे मशीन नव्हतंच. ठोके ऐकवणाऱ्या हातातल्या डॉप्लर यंत्राची बॅटरी नेमकी रात्री उतरायची, आणि भिंतीवरच्या खिळ्याला अ‍ॅल्युमिनियमचा एक फीटोस्कोप, म्हणजे पोटाला टेकवून कानाने ठोके ऐकायची नळी, लटकत असायचा. माझा कान त्या फीटोस्कोपवर तयार झाला.

इथे फक्त पोटावरून ठोके घेण्याच्या पद्धतींबद्दल लिहिते आहे. बाळाच्या डोक्याच्या त्वचेला तार लावूनही ठोके मोजता येतात, पण त्यासाठी पाणमोट फुटलेली लागते, आईला एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस बी असेल तर ती टाळावी लागते, आणि आपल्याकडे ती क्वचितच दिसते. तिचा विषय इथेच सोडू.

कळ आणि ठोके यांचं नातं

कळ येते तेव्हा गर्भपिशवीचा स्नायू आवळतो आणि त्यातून वारेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. तेवढा वेळ बाळ अंगच्या साठ्यावर काढतं. कळ सुटली की रक्त पुन्हा वाहू लागतं. धडधाकट बाळ असे शेकडो फेरे सहज निभावतं. ज्याचा साठा आधीच कमी आहे, त्याचे ठोके कळ भरात आल्यानंतर खाली येतात आणि कळ संपली तरी लगेच वर चढत नाहीत. आपण शोधतो ती खूण हीच.

दोन कळांच्या मधल्या निवांत वेळी ऐकलेले ठोके म्हणूनच अर्धीच गोष्ट सांगतात. नव्या मुली नेमक्या तेव्हाच ऐकतात, कारण तेव्हा बाई शांत पडलेली असते, बोलू देते, हात लावू देते. कळ आली की ती ओरडते, कुशीवर वळते, आपला हात झटकते, आणि आपण 'नंतर बघू' म्हणून बाजूला होतो. ते नंतर होत नाही.

मिनिटाला ११० ते १६० ही नेहमीची मर्यादा. काही जुन्या तक्त्यांवर खालचा आकडा १२० दिसेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या लेबर केअर गाइडमध्ये (कळांदरम्यानच्या नोंदींचा तक्ता) ११० च्या खाली किंवा १६० आणि त्यावर गेलं की धोक्याची खूण म्हणून आकड्याभोवती गोल करायचा असतो.

पहिली पायरी: आधी हात, मग यंत्र

बाईला लघवी करून यायला सांगा. भरलेल्या मूत्राशयावर यंत्र दाबलं की तिलाही त्रास आणि तुम्हालाही काही ऐकू येत नाही. पाठीवर सपाट झोपवून ठेवू नका. पोटाच्या भाराने मोठी शीर दबते, आईचं बीपी उतरतं आणि बाळाचे ठोकेही. पाठीखाली घडी घातलेली चादर सरकवून तिला थोडं डाव्या अंगावर कलतं करा.

मग दोन्ही हातांनी पोट चाचपा. एका बाजूला सलग, कडक, गुळगुळीत लागतं ती बाळाची पाठ. दुसऱ्या बाजूला हातापायांचे उंचवटे लागतात. ठोके पाठीच्या बाजूने चांगले ऐकू येतात. डोकं खाली असेल तर बेंबी आणि त्या बाजूच्या खुब्याचं हाड यांच्या मधोमध सुरुवात करा. बाळ पायाळू असेल तर जागा बेंबीच्या बरोबरीला किंवा वर सापडते. बाळाची पाठ आईच्या पाठीकडे असेल तर पार कुशीत जावं लागतं. बाळ खाली सरकत जातं तशी जागाही खाली आणि मध्याकडे सरकते. सकाळी आठला पेनाने केलेली खूण दुपारी दोनला चालत नाही.

पोट चाचपायचा आळस करून जेली लावून डॉप्लरचा प्रोब, म्हणजे पोटावर टेकवायचा भाग, इकडेतिकडे फिरवत बसणाऱ्यांना पाच मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात बाईचा चेहरा पांढराफटक पडतो. 'ठोके लागत नाहीत का हो सिस्टर?' हा प्रश्न तिने विचारायची वेळ येऊ देऊ नका.

दुसरी पायरी: आईची नाडी

ही पायरी वगळली तर पुढचं सगळं फुकट. एका हाताने ठोके, दुसऱ्या हाताची बोटं आईच्या मनगटावर. दोन्ही ताल वेगळे आहेत याची खात्री झाल्याशिवाय कागदावर काही लिहायचं नाही.

एका रुग्णालयातल्या रात्रपाळीची गोष्ट. पाणी जाऊन दीड दिवस झालेली बाई दाखल झाली. नव्या मुलीने डॉप्लर लावला, १२४ आला, लिहून मोकळी झाली. मी कपाळाला हात लावला तर चटका बसावा इतकं गरम. मनगट धरलं, नाडी १२४. मुलीने ऐकले होते ते आईच्या रक्तवाहिनीचे ठोके. प्रोब चार बोटं खाली, तिरका धरल्यावर बाळ सापडलं: १७२. आईला ताप, बाळाचे ठोके वाढलेले, पाणी जाऊन इतका वेळ झालेला. म्हणजे आत जंतुसंसर्गाची दाट शंका. केसपेपरवर १२४ तसाच राहिला असता तर सकाळपर्यंत कुणी ढुंकून पाहिलं नसतं.

ही गल्लत सीटीजीवरही होते, विशेषतः बाई जोर लावत असताना. जोर लावताना आईची नाडी चढते, बाळाचे ठोके मात्र बहुधा उतरतात. कळेबरोबर आलेख छान वर चढताना दिसला की नवशिके खूश होतात. मी आधी मनगट धरते.

फीटोस्कोप

१८२१ मध्ये केर्गाराडेक नावाचे फ्रेंच डॉक्टर गर्भजलाचा आवाज ऐकू येतो का हे पाहायला पोटाला स्टेथोस्कोप लावून बसले होते. पाण्याऐवजी त्यांना घड्याळासारखी टिकटिक ऐकू आली. पुढे १८९५ च्या सुमारास आदोल्फ पिनार यांनी कर्ण्याच्या आकाराची नळी रूढ केली. आपल्या खिळ्यावरचा फीटोस्कोप तोच.

रुंद तोंड पोटावर सरळ उभं टेकवा, अरुंद बाजूला कान घट्ट लावा आणि हात काढून घ्या. बोटं नळीवर राहिली तर घासल्याचा आवाजच ऐकू येतो. तुमचा चेहरा आईच्या पायांकडे, बोटं तिच्या मनगटावर, सेकंदकाट्याचं घड्याळ नजरेसमोर. आवाज कसा? उशीखाली घड्याळ ठेवल्यासारखा, असं आम्हाला शिकवलं होतं. आजच्या मुलींनी टिकटिकणारं घड्याळ उशीखाली कधी ठेवलेलंच नसतं, म्हणून मी त्यांना आधी धडधाकट बाळं ऐकवते. एएनसीच्या, म्हणजे गरोदर बायकांच्या तपासणीच्या दिवशी ओपीडीत बसा आणि वीसेक पोटं ऐका. कान तिथे बसतो, लेबर रूमच्या गोंगाटात नाही.

याची मोठी जमेची बाजू म्हणजे इथे हृदयाचा खरा आवाज कानावर पडतो. वीज नको, जेली नको. उणी बाजूही मोठी. ऐकतो तो एकटाच. आईला ऐकू येत नाही, डॉक्टरांना ऐकवता येत नाही. कळ चालू असताना पोट दगडासारखं होतं आणि नळी टेकवली की बाईला सहन होत नाही. बाई उकिडवी बसली असेल तर तुम्ही फरशीवर.

हातातला डॉप्लर

हे यंत्र ध्वनिलहरी सोडतं आणि हलत्या हृदयावरून परतणाऱ्या लहरींतल्या फरकावरून आवाज तयार करतं. आपण ऐकतो तो यंत्राने बनवलेला आवाज असतो. आत जे जे हलतं त्याचा आवाज ते बनवू शकतं, आईच्या रक्तवाहिनीचाही. वारेकडच्या रक्ताचा आवाज वाऱ्याच्या झोतासारखा सूंऽऽ सूंऽऽ येतो आणि तो आईच्या नाडीच्या तालावर चालतो. बाळाचा आवाज टापांसारखा, दुहेरी, भरभर.

जेली सढळ हाताने लावा. जागेवर प्रोब ठेवून सरकवण्याआधी तो जागच्या जागी थोडा कलवून पाहा. बहुतेकदा फक्त कोन चुकलेला असतो. आकड्यापेक्षा आवाजावर भिस्त ठेवा. आकडा मागच्या काही ठोक्यांची सरासरी दाखवतो, त्यामुळे एकाएकी झालेला उतार कानाला आधी कळतो.

बाई कुशीवर असो, उभी असो, उकिडवी असो, डॉप्लर पोचतो. कळ चालू असतानाही ऐकता येतं आणि खोलीतल्या सगळ्यांना ऐकू येतं. हरारेतल्या प्रसूतिगृहात १९९४ च्या एका अभ्यासात फीटोस्कोप, डॉप्लर आणि मशीन यांची तुलना झाली होती. ठोक्यांतला बिघाड फीटोस्कोपपेक्षा डॉप्लरने जास्त बायकांमध्ये पकडला गेला. मला विचाराल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात चालू डॉप्लर, भरलेली बॅटरी आणि एक जास्तीची, एवढं असलं की बरंचसं भागतं.

आता पोटाला पट्ट्याने बांधायचे छोटे डॉप्लरही निघाले आहेत. टांझानियात मोयो नावाच्या अशा यंत्राचा बराच वापर झाला. त्यावर बोट ठेवलं की आईची नाडीही शेजारी दिसते. ही सोय सगळ्याच यंत्रांत हवी होती.

मोजायचं कसं

इथे थोडं थांबा, कारण मला सर्वांत जास्त चुका याच ठिकाणी दिसतात.

एक हात पोटावर ठेवा. पोट कडक होऊ लागलं की ऐकायला सुरुवात करा आणि कळ सुटल्यावर किमान अर्धा मिनिट ऐकत राहा. एकूण किमान एक पूर्ण मिनिट. नुसते १५ सेकंद मोजून, चारने गुणून मोकळं व्हायचं नाही. पण एका मिनिटाचा एकच आकडाही फसवतो. समजा, कळ सुटल्यापासून १५-१५ सेकंदांचे चार तुकडे मोजले आणि आले २५, २९, ३४, ३५. बेरीज १२३. मर्यादेत आहे, लिहा आणि पुढे चला? पहिला तुकडा चारने गुणा: १००. मग ११६, १३६, १४०. बाळाचा नेहमीचा वेग १४०, आणि कळ सुटतेवेळी तो १०० वर होता, वर यायला पाऊण मिनिट लागलं. हा उतार आहे, आणि १२३ या आकड्याने तो गिळून टाकला होता.

म्हणून तुकड्यांनी मोजा. असं काही दिसलं, किंवा आकडा मर्यादेबाहेर गेला, तर लागोपाठ किमान तीन कळा ऐका. सगळ्याच कळांनंतर तसंच होत असेल तर पुढच्या फेरीची वाट बघायची नाही.

किती वेळाने ऐकायचं? पिशवीचं तोंड ५ सेंटिमीटर उघडल्यापासून दर १५ ते ३० मिनिटांनी, बाई जोर लावू लागली की दर ५ मिनिटांनी. शिवाय पाणी फुटल्यावर लगेच, आतून तपासल्यावर, आणि कळांचं औषध सुरू केल्यावर किंवा वाढवल्यावर. पाणी फुटल्यावर नाळ खाली सरकू शकते, तेव्हा ते मिनिट चुकवू नका.

सीटीजी

दोन पट्टे, दोन चकत्या. ठोके घेणाऱ्या चकतीला जेली लागते. कळा मोजणाऱ्या टोकोला जेली लावायची नसते, तरी दर नवी तुकडी लावतेच. टोको बेंबीच्या वर, गर्भपिशवीच्या माथ्याजवळ बांधा आणि पोट सैल असताना शून्याचं बटण दाबा. टोकोवरून कळ कधी आली, किती वेळ टिकली एवढंच कळतं. आलेखातला डोंगर उंच म्हणजे कळ जोरदार असं नाही, तो पट्टा घट्ट असल्यानेही उंच होतो. कळेचा जोर हातालाच कळतो. दहा मिनिटांत पाचपेक्षा जास्त कळा येत असतील तर बाळाला सावरायला वेळ मिळत नाही आहे, हे मात्र टोको नीट दाखवतो.

ट्रेस, म्हणजे कागदावरचा आलेख, सुरू करण्याआधी यंत्राचं घड्याळ पाहा. बारा तास मागे असलेलं घड्याळ मी पाहिलं आहे, आणि पुढे प्रकरण वाढलं तेव्हा त्या ट्रेसचा काही उपयोग झाला नाही. कागद मिनिटाला १ सेंटिमीटरने धावतोय की ३ ने, तेही पाहा. एकच आलेख दोन वेगांवर दोन वेगळी बाळं वाटतात. कागदावर आईचं नाव, नोंदणी क्रमांक, वेळ आणि तिची नाडी लिहा. थर्मल कागद काही महिन्यांत फिका पडतो, म्हणून गरजेच्या ट्रेसची झेरॉक्स काढून ठेवा.

ट्रेसमध्ये चार गोष्टी पाहायच्या: नेहमीचा वेग, त्याची थरथर, चढ आणि उतार. थरथर, म्हणजे वेगातला सततचा बारीक चढउतार, मिनिटाला ५ ते २५ ठोक्यांची असावी. ती कानाने नीट कळत नाही, मशीनचा खरा फायदा तिथेच आहे. सपाट रेघ दिसली म्हणून लगेच घाबरू नका, बाळ गाढ झोपलेलं असू शकतं. ती झोप ५० मिनिटांपर्यंतही चालते, पण त्यापुढे झोपेचं कारण देऊ नका. कळेबरोबर खाली येऊन कळेबरोबरच सावरणारा उतार बहुधा डोक्यावरच्या दाबाचा. इंग्रजी व्ही अक्षरासारखा, झपकन खाली-वर होणारा बहुधा नाळ दबल्याचा. कळेच्या मागून सुरू होऊन उशिरा सावरणारा तोच, वर २५-२९-३४-३५ मध्ये पाहिलेला.

मशीन कधी अर्धं किंवा दुप्पटही मोजतं. ठोके ७० वर गेलेले असताना कागदावर १४० छापू शकतं. शंका आली की आवाज मोठा करा आणि कानाने मोजा. फीटोस्कोप शेजारी असेल तर उत्तमच.

पोटावरून ईसीजी

पोटावर चिकटपट्ट्या लावून बाळाच्या हृदयाचा विजेचा सिग्नल टिपणारी वायरलेस यंत्रंही आहेत. आईचा सिग्नल कितीतरी पट मोठा असतो, तो वजा करून बाळाचा वेगळा काढला जातो. स्थूल बाईमध्ये डॉप्लर कमी पडतो तिथे हे कामाला येतं, शिवाय ती चालू-फिरू शकते. मात्र पट्टी लावण्याआधी त्वचा नीट घासून घ्यावी लागते, आणि साधारण २८ ते ३४ आठवड्यांत बाळाच्या अंगावरच्या पांढऱ्या चिकट थरामुळे सिग्नल क्षीण होतो. सरकारी लेबर रूममध्ये हे यंत्र तुम्हाला बहुधा भेटणार नाही.

मग कुणाला काय लावायचं

तेरा अभ्यास आणि ३७,००० हून अधिक बायकांचा मेळ घालून २०१७ च्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात सलग सीटीजी आणि अधूनमधून ऐकणं यांची तुलना केली आहे. सलग मशीन लावलेल्यांत नवजात बाळांना झटके येण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. झटके मुळात विरळ, पण ही कमी खरी आहे. बाळांचे मृत्यू आणि सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा होऊन हालचालींत येणारं अपंगत्व) यांत मात्र स्पष्ट फरक दिसला नाही. सिझर दीडपटीहून जास्त झाली. दाखल होताच प्रत्येकीला वीस मिनिटं ट्रेस काढायची पद्धतही तपासली गेली आहे. तिनेही सिझर वाढली, बाळांचा फायदा दिसला नाही. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींत निरोगी बाईला आपोआप कळा सुरू झाल्या असतील तर फीटोस्कोप किंवा डॉप्लरने अधूनमधून ऐकणं पुरेसं मानलं आहे.

त्या अभ्यासांत ठरल्या वेळी खरंच कुणीतरी ऐकत होतं, हे मात्र विसरू नका. एका सिस्टरकडे पाच बायका असतील तर दर पंधरा मिनिटांनी ऐकणं कागदावरच राहतं. तशा ठिकाणी लोक मशीनचा आधार का घेतात ते मला समजतं. पण बांधून ठेवलेल्या मशीनकडेही पाहायला कुणी नसेल तर तो फक्त लांबलचक कागद.

सीटीजी हवं कुणाला? आधीचं सिझर, वाढलेलं बीपी, वाढ खुंटलेलं बाळ, दिवस न भरलेलं बाळ, जुळी, हिरवट पाणी, ताप, रक्तस्राव, कळांचं औषध चालू. यातली बहुतेक नावं प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रेफरच्या यादीतही आहेत. जुळ्यांमध्ये दोन वेगळ्या जागा, दोन माणसं, एकाच वेळी मोजणी. आकडे अगदी सारखे आले तर एकच बाळ दोनदा ऐकल्याची शंका घ्या.

नातेवाईक विचारतातच: 'शेजारच्या वॉर्डात मशीन लावलंय, आमच्या सुनेला का नाही?' मी सांगते, 'आजी, तिच्या पोटाशी मी स्वतः आहे. या, ऐका.' डॉप्लरचा आवाज मोठा केला की आजींचा चेहरा खुलतो. मशीनची गोष्ट पुन्हा निघत नाही.

ठोके बिघडले तर

डॉक्टरांना हाक मारत-मारतच हात चालवा. बाईला डाव्या कुशीवर घ्या. कळांचं औषध चालू असेल तर बंद करा. नाडी, बीपी, ताप पाहा. बीपी उतरलेलं असेल तर सलाइन. आतून तपासून नाळ हाताला लागते का, बाळंतपण किती जवळ आलंय, पाण्याचा रंग कसा आहे ते बघा. ऑक्सिजनचा मास्क लावायची जुनी सवय आहे, पण आईचा ऑक्सिजन नीट असेल तर त्याने बाळाचं भलं होत नाही, आणि तेवढ्यात दोन मिनिटं जातात. सोय नसेल तर १०८ ला फोन करा. 'पेशंट सिरियस आहे' असं सांगू नका, आकडे सांगा: नेहमीचा वेग १४०, गेल्या तीन कळांनंतर १०० पर्यंत उतार, तोंड ७ सेंटिमीटर, पाणी हिरवट.

नोंदही तशीच हवी. 'एफएचएस गुड' (बाळाचे ठोके चांगले) किंवा नुसतं अधिकचं चिन्ह वाचून पुढच्या पाळीला काही कळत नाही. '१०.१५, ठोके १३८, कळेनंतर उतार नाही, आईची नाडी ८८' एवढं लिहायला दहा सेकंद लागतात.

ड्युटी घेताना डॉप्लर एकदा चालू करून बघा, जेलीची बाटली उलटी करून बघा, आणि फीटोस्कोप कुठल्या खणात आहे ते मावशींना विचारून घ्या. पंखा थांबला आणि दिवे गेले की तो अंधारात शोधावा लागतो.